टर्बाइन दरसाल उघडावे काय?



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दुरुस्ती-देखभाल खर्चाचा विषय निघाला, तेव्हा मागच्या रांगेतून एक वयोवृद्ध सभासद उभे राहिले आणि म्हणाले, "मागल्या सालीच टर्बाइन उघडलं होतं नव्हं? बरं चाललंय त्याला दरसाल खोलून बघायची हौस कशापायी?" सभेत हशा पिकला. वेळ थोडा होता, चीफ इंजिनिअर साहेबांनी दोन वाक्यांत उत्तर दिले आणि पुढचा विषय पुकारला गेला. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पैसा सभासदांचा आहे आणि तो कोणत्या पोलादात जिरतो हे विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. म्हणून इंजिनिअरिंग विभागातर्फे आम्ही या अंकात टर्बाइनची निगा व दुरुस्ती यासंबंधी सविस्तर लिहीत आहोत. त्या सभासदांचा प्रश्न अर्धा बरोबर होता, हे प्रथमच कबूल करतो. अर्धा कसा, ते पुढे येईल.

आधी टर्बाइन म्हणजे काय ते पाहू. जुन्या कारखान्यांत मिल ओढण्यासाठी वाफेची इंजिने असत. मोठा सिलिंडर, त्यात मागेपुढे होणारा पिस्टन, बाहेर पुरुषभर उंचीचे फ्लायव्हील. टर्बाइनमध्ये पिस्टन नाही. बॉयलरची दाबाची वाफ अरुंद नळकांड्यांतून, म्हणजे नोझलमधून सुटते आणि चाकाच्या काठावर बसवलेल्या पात्यांवर आदळते. पाणचक्कीच्या फळ्यांवर पाट सोडावा तसाच प्रकार. फरक इतकाच की इथे पाटाऐवजी सेकंदाला शेकडो मीटर वेगाने सुटलेली वाफ असते. आपल्याकडे ही वाफ ३२ किलो दाबाने आणि ३८० अंश सेल्सिअस उष्णतेने आत जाते आणि सुमारे दीड किलो दाबाने बाहेर पडते. बाहेर पडलेली वाफ वाया जात नाही, ती रस तापवायला आणि आटवायला बॉयलिंग हाऊसकडे जाते. एकाच वाफेकडून आधी वीज आणि मग साखर, अशी दोन कामे आपण करून घेतो. त्यामुळे टर्बाइन अचानक थांबले की दिवे तर जातातच, शिवाय रस आटवण्याची घडीही विस्कटते.

आता वेगाचा हिशेब करू, म्हणजे पुढचे सगळे समजेल. पॉवर हाऊसच्या टर्बाइनचे चाक साधारण ७० सेंटिमीटर व्यासाचे धरा. ते मिनिटाला ६००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १००. चाकाचा घेर सुमारे २ मीटर २० सेंटिमीटर. याचा अर्थ काठावरचे पाते सेकंदाला २२० मीटर, ताशी जवळजवळ ७९० किलोमीटर वेगाने धावत असते. गोफणीतला दगड जसा बाहेर ओढ घेतो तसे ते पाते बाहेर ओढ घेते. किती? काठावरच्या एक ग्रॅम वजनाला सुमारे १४ किलोची ओढ बसते. ५० ग्रॅमचे पाते ७०० किलोने, म्हणजे सात क्विंटलने, चाकापासून सुटायला बघत असते. हंगामभर, रात्रंदिवस. ते धरून ठेवणारी खाच बोटाच्या पेराएवढी असते.

म्हणून विहिरीवरच्या ऑइल इंजिनाची दुरुस्ती आणि टर्बाइनची दुरुस्ती यांची तुलना करू नये. तिथे "एक-दोन सूत इकडेतिकडे" चालते. इथे सुताची भाषा नाही, शतांश मिलिमीटरची आहे. १०० मिलिमीटर जाडीचा शाफ्ट आणि त्याचे बेअरिंग यांत साधारण १५ ते २० शतांश मिलिमीटर इतकीच फट ठेवावी लागते. त्या फटीत तेलाचा पडदा तयार होतो आणि शाफ्ट त्या पडद्यावर तरंगत फिरतो. बेअरिंगच्या आतल्या बाजूला पांढऱ्या धातूचे, व्हाइट मेटलचे, अस्तर असते. कथिलाच्या या मिश्रधातूचा शोध अमेरिकेत आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये लावला आणि अजून त्याला खरा पर्याय नाही. धातू मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. तेल गेलेच तर अस्तर पुसले जावे, शाफ्ट वाचावा. पण २४० अंशांच्या आसपास हा धातू वितळू लागतो आणि त्याच्या कितीतरी आधी लोण्यासारखा नरम पडतो. चालू टर्बाइनच्या बेअरिंगला तेल मिळाले नाही, तर तिथपर्यंत पोहोचायला फार वेळ लागत नाही.

यावरून आठ हंगामांपूर्वीची आमची एक चूक सांगणे भाग आहे. जुन्या सभासदांना ते दिवस आठवत असतील. त्या वेळी आपल्या मिलना विजेच्या मोटारी नव्हत्या, प्रत्येक मिलला स्वतंत्र टर्बाइन होते. हंगाम लांबला होता, पाऊस डोक्यावर आला होता आणि ऑफ सीझनला दिवस कमी मिळाले. तिसऱ्या मिलच्या टर्बाइनचे बेअरिंग आम्ही उघडले, वरून पाहिले, ठीक दिसले, झाकले. ऑइल कूलर, म्हणजे ज्यात गरम तेलाच्या नळ्यांना पाण्याने थंड करतात तो, उघडून त्याची प्रेशर टेस्ट घ्यावयाची राहिली. रजिस्टरमध्ये मात्र "पाहिले" असा शेरा पडला.

हंगाम सुरू झाला. एरवी त्या टर्बाइनच्या टाकीत आठ-दहा दिवसांनी बादलीभर तेल घालावे लागे. त्या वर्षी तीन आठवडे थेंब घालावा लागला नाही. ऑइलमन खूश, "यंदा मशीन तेल खात नाही" म्हणून आम्हीही खूश. तेलाची पातळी कमी होत नव्हती, उलट बोटभर वाढली होती. कोणीतरी पाळीवाल्याने न सांगता घातले असेल, असे प्रत्येक पाळीने दुसऱ्या पाळीबद्दल समजून घेतले.

खरी गोष्ट अशी होती. कूलरच्या एका नळीला सुईएवढे भोक पडले होते. टर्बाइन चालू असताना तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे किंचित तेल पाण्यात जात होते, तेवढे कोणाच्या लक्षात आले नाही. पण सफाईसाठी, ऊस नसल्यामुळे किंवा आणखी कशाने कारखाना थांबला, की तेलाचा पंप बंद व्हायचा आणि कूलरचे पाणी तसेच चालू राहायचे. मग दाब उलटा. पाणी तेलात. दर थांब्याला थोडे थोडे.

जानेवारीत बेअरिंगची उष्णता लॉगशीटवर अशी दिसते: एका आठवड्यात ५८, पुढच्यात ६१, मग ६४, मग ६६. दर तासाला शाईने स्वच्छ अक्षरात लिहिलेले आकडे. लिहिणाऱ्याने आपले काम चोख केले. वाचणाऱ्यांनी, म्हणजे आम्ही, केले नाही. इशाऱ्याची घंटा ७५ वर वाजणार, तोवर काळजी नाही असे आम्ही धरून चाललो. एका पहाटे तीनच्या सुमारास आकडा ७८ झाला आणि टर्बाइन बंद करेपर्यंत बेअरिंगमधून धूर निघाला होता. टाकीचे झाकण उघडले तर आत तेल नव्हतेच म्हणा ना. "सायेब, ताक झालंय ह्येचं," असे ऑइलमन म्हणाला आणि खरोखरच तसे पांढुरके, फेसाळ ताक झाले होते.

सुटे बेअरिंग स्टोअरमध्ये होते. पण सुटे बेअरिंग म्हणजे बाजारातून आणलेला जोडा नव्हे की घातला आणि निघाले. शाफ्टला निळा रंग लावून, बसवून, फिरवून, जिथे रंग उमटेल तिथे खरवडून, पुन्हा बसवून, असे ते बसते करावे लागते. शाफ्टवर ओरखडे पडले होते, ते घासून काढले. सगळी टाकी, सगळे पाइप धुतले. नवे तेल भरले. कारखाना ३१ तास उभा राहिला.

दिवसाला २५०० टन गाळप म्हणजे तासाला १०४ टन. ३१ तासांत ३२०० टनांहून अधिक ऊस गव्हाणीत पडला नाही. दहा टनी ट्रक धरली तर ३२० ट्रका. तोडणीच्या टोळ्यांना निरोप पोहोचेपर्यंत रानात ऊस तोडून पडलाच होता. तोडलेला ऊस कोयता लागल्या घडीपासून वजनाने घटतो आणि त्यातली साखर मोडू लागते, हे सभासदांना आम्ही सांगायला नको. दुसऱ्या रात्री यार्डात एक गाडीवान सभासद आम्हाला म्हणाले, "माझी बैलं दोन दिस जुवाखाली हायती, त्यांचं मी बघतो. पर उसाचं वजन तुम्ही भरून देणार का?" आम्हाला उत्तर देता आले नाही. वजनकाट्याच्या अलीकडे वाळतो तो ऊस सभासदाचा आणि पलीकडे वाळतो तो कारखान्याचा, असा हिशेब आहे. पण कारखाना कोणाचा, हा प्रश्न विचारला की दोन्हीकडचे नुकसान एकाच घरात येते. आणि हे सगळे कूलरची एक चाचणी न घेतल्यामुळे, एक पाण्याची चावी न फिरवल्यामुळे.

तेव्हापासून थांबा झाला की आधी कूलरचे पाणी बंद, अशी पाटीच कूलरवर लावली आहे. दर पाळीला टाकीच्या तळाची चावी सोडून साचलेले पाणी पाहतात. शंका आली तर साधी परीक्षा आहे. लोखंडी पत्रा तापवायचा आणि तेलाचा थेंब टाकायचा. फोडणीत ओली मोहरी पडल्यासारखे तडतडले तर तेलात पाणी आहे. तेल साफ करायला आता सेंट्रिफ्यूज यंत्र घेतले आहे. ते आपल्या दूध संघातल्या मलई काढण्याच्या यंत्राचे सख्खे भाऊ आहे. गंमत अशी की मलई वेगळी करणारे फिरते यंत्र सुधारून बाजारात आणणारे स्वीडनचे गुस्ताफ द लाव्हाल यांनीच, ते यंत्र वेगाने फिरवता यावे म्हणून, १८८० च्या दशकात वाफेचे टर्बाइनही केले. इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्स यांनी १८८४ मध्ये विजेसाठी आपले टर्बाइन बांधले. म्हणजे दूध आणि टर्बाइन यांचे नाते आपल्या समजुतीपेक्षा जुने आहे.

तेलानंतर पाणी आणि साखर. टर्बाइनला स्वच्छ, कोरडी वाफ लागते. बॉयलरच्या पाण्यातले क्षार वाफेबरोबर उडून आले की ते पात्यांवर बसतात. घरच्या बंबात पांढरा थर धरतो तसाच. पात्यांमधली वाट अरुंद होते, तेवढेच काम काढायला वाफेचा जास्त दाब लागतो, आणि थर एकसारखा बसला नाही तर चाकाचा तोल जातो. सोडियमचे क्षार गरम पाण्याने धुऊन निघतात. सिलिकाचा थर मात्र काचेसारखा असतो, त्याला बारीक पावडरीचा मारा करूनच काढावे लागते.

साखर कारखान्यात याला एक जास्तीचा धोका आहे. रस आटवताना जी वाफ थंड होऊन पाणी होते, ते पाणी आपण पुन्हा बॉयलरला देतो. त्यात एखाद्या फुटक्या नळीतून रस मिसळला, की बॉयलरमध्ये ती साखर मोडते, आम्ल तयार होते, फेस चढतो आणि फेसाबरोबर पाणी थेट टर्बाइनमध्ये येते. इतक्या वेगाने फिरणाऱ्या पात्याला पाण्याचा थेंब लागणे म्हणजे खडा लागण्यासारखेच. म्हणून प्रयोगशाळेतली मुले दिवसरात्र पाण्याचा नमुना घेऊन अल्फा-नॅफ्थॉलची परीक्षा करतात. परीक्षानळीत जांभळे कडे दिसले की साखर आहे. मग ते पाणी बॉयलरला न देता बाहेर सोडायचे, गरम पाणी वाया गेले तरी चालेल. यार्डातून जाताना कधी वाफाळते पाणी गटारात जाताना दिसले तर "इंजिनिअर लोक इंधन उधळतात" असे कृपा करून समजू नये.

आता वेगावरच्या लगामाबद्दल. टर्बाइनवर विजेचा भार असतो तोवर ते काबूत असते. भार एकदम सुटला, समजा मेन स्विच पडला, की बैल जुवातून सुटावा तसे टर्बाइन सुटते आणि काही सेकंदांत वेग वाढतो. गव्हर्नर वाफ कमी करतो. गव्हर्नरने ऐकले नाही तर शेवटचा उपाय म्हणजे ओव्हरस्पीड ट्रिप. शाफ्टमध्ये एक बोल्ट स्प्रिंगने दाबून बसवलेला असतो. नेहमीच्या वेगाच्या साधारण १० टक्के वर गेले की तो स्प्रिंगला न जुमानता बाहेर येतो, खटक्यावर आपटतो आणि वाफेचा मुख्य व्हॉल्व्ह धाडकन बंद होतो. १० टक्के म्हणजे थोडे वाटते. पण ओढ वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती २१ टक्के वाढलेली असते. हा बोल्ट बारा महिने स्वस्थ बसतो आणि एक दिवस त्याने क्षणात काम करावे अशी आपली अपेक्षा. व्हॉल्व्हच्या दांड्यावर क्षाराचा थर बसला असेल तर तो अर्ध्यात अडकतो. म्हणून दर आठवड्याला दांडा थोडा हलवून पाहणे आणि हंगामाच्या सुरुवातीला टर्बाइन जोडणीतून मोकळे करून, प्रत्यक्ष वेग वाढवून, ट्रिप पडते का पाहणे, या दोन गोष्टींत आम्ही सूट घेत नाही. त्या वेळी पॉवर हाऊसमध्ये गरजेपेक्षा एकही माणूस ठेवत नाही, संचालक असले तरी.

पाते तुटले तर काय होते, याचे आपल्या देशातले मोठे उदाहरण उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीज केंद्राचे आहे. तेथे ३१ मार्च १९९३ च्या पहाटे टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातली दोन पाती तुटली. तोल गेल्याने प्रचंड हादरे बसले, तेलाचे पाइप तुटले, जनरेटर थंड ठेवणारा हायड्रोजन वायू बाहेर आला आणि आग लागली. विजेच्या केबली जळून सारे केंद्र अंधारात गेले. सुदैवाने किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. आपले टर्बाइन त्याच्यापुढे खेळणे आहे आणि आपल्याकडे हायड्रोजनही नाही. पण तेल आहे, तापलेले पाइप आहेत आणि शेजारच्या आवारात बगॅसचा ढीग आहे.

त्याच सभेत एका तरुण सभासदाने विचारले होते की उरणला गॅसवर चालणारी टर्बाइने आहेत, तशी आपण का बसवत नाही. उरणचे गॅस टर्बाइन वीज केंद्र १९८२ पासून आहे. त्या यंत्रात बॉयलर नसतो. हवा दाबून घ्यायची, त्यात गॅस जाळायचा आणि तो जळता वायूच पात्यांवर सोडायचा. आपली वाफ ३८० अंशांची, तो वायू हजार अंशांच्या घरातला. पाती निकेलच्या महागड्या मिश्रधातूची, आतून पोकळ, थंड हवा खेळवलेली. म्हणून त्यांची निगाही वेगळी. अशा मोठ्या यंत्रांत साधारण ८००० तासांनी जळणकक्ष तपासतात, २४००० तासांनी तापलेला सगळा मार्ग उघडतात आणि ४८००० तासांच्या आसपास पूर्ण यंत्र. यंत्र कितीदा चालू-बंद केले हेही तासांइतकेच मोजतात, कारण तापणे आणि निवणे यानेच पात्यांना तडे जातात. मधल्या काळात एका बारीक भोकातून बोरस्कोप नावाची लवचीक दुर्बीण आत घालून न उघडताच पाहतात. हवा ओढणाऱ्या पात्यांवर धूळ बसते, ती आता पाणी आणि साबणद्रवाने धुतात. पूर्वी त्यासाठी चालू यंत्रात अक्रोडाच्या कवचांचा भुगा, क्वचित चक्क तांदूळ टाकत. तांदळाची अशी अक्षत आपल्या शेतकऱ्याला रुचणार नाही! आपल्याला ते यंत्र न चालण्याचे कारण साधे आहे. आपले इंधन बगॅस, ते ओलसर आणि घन. ते बॉयलरमध्येच जळते, टर्बाइनच्या पोटात नाही.

आता मूळ प्रश्न. दरसाल उघडावे काय?

टर्बाइनचे दोन भाग धरा. एक बाहेरचा, म्हणजे बेअरिंगे, कूलर, तेलाचे पंप, गव्हर्नर, व्हॉल्व्ह, ट्रिप, वाफेची जाळी. हे दरसाल उघडलेच पाहिजे. उघडताना किती फट होती आणि बंद करताना किती ठेवली, हे दोन्ही आकडे रजिस्टरमध्ये जातात. मागच्या वर्षी बंद करताना १८ शतांश होती आणि यंदा उघडताना २७ निघाली, तर एका हंगामात ९ शतांश झीज झाली. पुढचा हंगाम ते बेअरिंग काढील का, हे त्यावरून ठरते. एका वर्षीचा आकडा मुका असतो, दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की बोलतात. उघडून सगळे ठीक निघाले म्हणजे खर्च फुकट गेला, असे नव्हे.

दुसरा भाग आतला. मोठे झाकण, म्हणजे वरचे केसिंग, उचलून चाक बाहेर काढणे. इथे मात्र त्या सभासदांचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. झाकण दरसाल उघडण्यात शहाणपण नाही. प्रत्येक वेळी उघडताना आणि बसवताना नवी चूक होण्याची शक्यता आपण विकत घेतो. एखादा नट कमी आवळला जातो, सांध्याच्या पृष्ठभागावर ओरखडा पडतो, चिंधी आत राहते. पूर्वी आम्ही रीत म्हणून दरवर्षी उघडत होतो. आता कंप मोजण्याचे यंत्र आहे आणि पहिल्या चाकाजवळचा वाफेचा दाब रोज लिहिला जातो. कंप सेकंदाला साडेचार मिलिमीटरच्या वर गेला की कान टवकारायचे, सातच्या वर गेला की थांबवायचे. दोन्ही आकडे स्थिर असतील तर झाकण तीन-चार हंगाम तसेच ठेवायला हरकत नाही.

मग या ऑफ सीझनला का उघडत आहोत? कंप ठीक आहे. परंतु तेवढीच वीज काढायला पहिल्या चाकाजवळचा दाब हंगामाच्या सुरुवातीला १८ किलो होता, तो शेवटी साडेवीस झाला. वाट अरुंद झाली आहे, म्हणजे पात्यांवर थर धरला आहे. असे आम्ही संचालक मंडळापुढे आकड्यांसह मांडले आणि मंजुरी घेतली. दुसरे कारण असे की मिलना आता विजेच्या मोटारी आहेत. पूर्वी प्रत्येक मिलचे दैव निराळे होते, आता सगळा तंबू पॉवर हाऊसच्या एका खांबावर उभा आहे.

चाक बाहेर आल्यावर ते धुऊन, प्रत्येक पात्याच्या बुडाशी लाल रंगाचा द्रव लावून, पुसून, वर पांढरी पावडर मारतात. तडा असेल तर त्यातला लाल रंग पावडरीत रेघ उमटवतो. केसाएवढी रेघसुद्धा दिसते. नंतर तोल पाहायला चाक बाहेरगावी जाईल. शाफ्टसह पाच क्विंटलचे ते धूड, पण काठाशी पाच-सहा ग्रॅमपेक्षा अधिक फरक चालत नाही. परत आल्यावर गिअर बॉक्सशी आणि जनरेटरशी ओळंबा जुळवणे, हे सर्वांत किचकट काम. गार असताना जुळवलेला ओळंबा टर्बाइन तापल्यावर वर उचलला जातो, म्हणून गार असताना ते मुद्दाम किंचित खाली ठेवावे लागते. डायल गेज लावून बसलेल्या फिटरला त्या वेळी कोणी हाक मारू नये, अशी आमचीच विनंती असते.

थोडे पावसाळ्याबद्दल. बंद टर्बाइन चालू टर्बाइनपेक्षा लवकर खराब होते, हे ऐकून नवल वाटेल. वाफेचा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसेल तर दमट हवा आणि वाफेचा अंश आत शिरतो आणि क्षारांच्या थराखाली गंज पाती खातो. म्हणून हंगाम संपताच वाफेच्या लाइनीवर बंद पत्रा घालतो, आत कोरडी हवा मारतो आणि दर आठवड्याला तेलाचा पंप चालू करून शाफ्ट हाताने अर्धा फेरा फिरवून ठेवतो. हंगामात थांब्याच्या वेळीही असेच. तापलेला शाफ्ट एका जागी निवला तर वाकतो, कारण त्याची वरची बाजू गरम आणि खालची गार राहते. सावकाश फिरवत निवू दिला तर सरळ राहतो.

झाकण ज्या आठवड्यात उचलले जाईल त्याची तारीख गट कार्यालयांच्या फळ्यावर लिहिली जाईल. ज्या सभासदांना पाहावयाचे असेल त्यांनी सकाळी नऊ ते अकरा या वेळेत पॉवर हाऊसच्या दारात यावे. शिफ्ट इंजिनिअर दहा-दहा जणांना आत नेऊन दाखवतील. मागच्या वर्षीचे आणि यंदाचे रजिस्टर टेबलावर उघडे ठेवले जाईल, आकडे कोणीही वाचावेत. पायात चपला नको, बूट असावेत. आत जाण्यापूर्वी खिशातली सुटी नाणी, किल्ल्या, चुन्याची डबी, अडकित्ता दारातल्या ट्रेमध्ये काढून ठेवावे लागेल. आमचे फिटरसुद्धा आत नेलेला प्रत्येक पाना कागदावर लिहून नेतात आणि बाहेर येताना मोजून देतात. सभेत प्रश्न विचारणाऱ्या त्या वयोवृद्ध सभासदांना आम्ही वेगळे बोलावणे पाठवले आहे. त्यांच्यासाठी झाकणाशेजारी खुर्ची ठेवू.